गोदावरीची हद्द कोणती ?

जालना जिल्ह्याला समुद्र नाहीं. खाडीकांठच्या कोंकणी माणसाप्रमाणें दिवसांतून दोन वेळां पाणी चढतांना व ओसरतांना पाहण्याचा योग आपल्याला येत नाहीं. तरी पण आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरहि एक भरती-ओहोटी आहे. ती चंद्राच्या ओढीनें येत नाहीं, पैठणचे दरवाजे उघडले म्हणजे येते. आणि तिचा नेम असा कांहींच नाहीं. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तीन तालुक्यांच्या कडेनें गोदावरी वाहते. या कांठाची व्यवस्था पुढील पन्नास वर्षें कशी ठेवावी, याविषयीं आज मी बोलणार आहें.

पैठणच्या जायकवाडी धरणाचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. त्याला २७ दरवाजे आहेत, आणि त्याचा उपयुक्त सांठा सुमारें ७६ अब्ज घनफूट, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेंत ७६ टीएमसी आहे. २००६ सालच्या ऑगस्टांत तेथून सुमारें अडीच लक्ष क्युसेक पाणी सोडावें लागलें. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तर तीन लक्षांचा आंकडा ओलांडला. हे आंकडे कानांवरून नुसते निघून जातात, म्हणून थोडा हिशेब करून पाहूं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तीन लक्ष क्युसेक वेगानें एका तासांत एक टीएमसीहून थोडें अधिक पाणी निघून जातें. वरून एक थेंबहि आला नाहीं, तर त्या वेगानें धरणाचा सारा उपयुक्त सांठा तीन दिवसांच्या आंत संपेल ! एवढें पाणी शहागडच्या पुलाखालून जात असेल तेव्हां कांठच्या गांवांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

मग धरण आधींच थोडें रिकामें कां ठेवीत नाहींत ? प्रश्न रास्त आहे. पण २०१२-१३ चा दुष्काळ ज्यानें जालना शहरांत काढला, त्याला तो विचारून पाहा. ज्या शहराचें पिण्याचें पाणी नळानें याच जलाशयांतून येतें, त्या शहराला धरण गणपतीपूर्वीं भरलेलें पाहिजे असतें. नदीकांठच्या शेतकऱ्याला तें त्याच वेळीं थोडें रिकामें हवें असतें. दोघेहि एकाच जिल्ह्याचे, आणि दोघांचेंहि म्हणणें खरें. म्हणून कोणत्या महिन्यांत जलाशय किती भरूं द्यावा याचें कोष्टक केलेलें असतें. तें पाळण्याला धैर्य लागतें. कारण ऑगस्टांत पाणी सोडलें आणि पुढें पाऊस आला नाहीं, तर दोष सोडणाऱ्याच्या माथीं येतो.

आतां प्रत्यक्ष कांठाकडे वळूं. पूर म्हणजे नदीचें पाणी समोरून शेतांत शिरणें, अशी आपली समजूत असते. पुष्कळदां तें पाठीमागून येतें. गोदावरी तुडुंब झाली म्हणजे तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांचें तोंड बंद होतें. त्यांचें पाणी पुढें जाण्याऐवजीं मागें फुगतें आणि नदीपासून दूर असलेल्या शिवारांत पसरतें. नदीच्या कडेनें उंच भिंत बांधली तर या फुगवट्याला ती कांहीं करूं शकत नाहीं. उलट आंत सांचलेलें पाणी बाहेर पडूं देत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कांठ ढासळतो तो बहुधा पाणी चढतांना नव्हे, उतरतांना. पुराच्या दिवसांत काळी माती पाणी पिऊन जड होते. नंतर दरवाजे झपाट्यानें बंद झाले कीं नदी एकदम खालीं जाते. भिजलेल्या कांठाला समोरून टेकू देणारें पाणी निघून जातें आणि मातीचे मोठे मोठे कडे पात्रांत कोसळतात. अशा वेळीं माती धरून ठेवतात तीं मुळें. करंज, उंबर, जांभूळ आणि खालच्या ओलींतलें लव्हाळें, हीच या नदीची खरी तटबंदी. पण नांगर अगदीं कडेपर्यंत नेण्याचा मोह सुटत नाहीं. दोन तास अधिक पेरावेत म्हणून झाडें जातात, आणि पुढच्या पुरांत दोन तासांऐवजीं दहा जातात. (तास म्हणजे येथें घड्याळाचा नव्हे, नांगराचा !)

याच पट्ट्यांत पक्ष्यांचाहि संसार असतो. धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, १९८६ पासून पक्षी-अभयारण्य आहे. हिवाळ्यांत तेथें चक्रवाक, पट्टकादंब, रोहित पक्षी उतरतात. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळावर त्यांना चारा मिळतो, आणि त्याच गाळावर शेतकरी गाळपेर करून गहू-हरभरा घेतो. खालच्या बाजूला नदी सुरय उन्हाळ्यांत भर पात्रांतल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडीं घालतो. ती वाळूच उपसून नेली तर पक्षी जातोच, पण वाळूंत मुरून राहणारें पाणीहि जातें, आणि कांठच्या विहिरी आटतात. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी येथील बंधाऱ्यांनीं पात्रांत पाणी अडविलें, हें दुष्काळी मुलखाला उपकारकच झालें. मात्र त्यांच्या फुगवट्याखालीं गेलेलीं वाळूचीं बेटें परत मिळत नाहींत, हेंहि हिशेबांत धरलें पाहिजे.

कोंकणांत हा प्रश्न फार जुना आहे. खाडीकांठीं बांध घालून खारजमिनी काढल्या. पावसाचें पाणी बाहेर सोडावें व भरतीचें आंत येऊं नये म्हणून उघाडी बसविल्या. त्यासाठीं १९४८ सालीं व पुढें १९७९ सालीं कायदेहि झाले. बांधाला खांड पडून ती वेळेवर बुजली नाहीं, कीं खारें पाणी भातशेतींत शिरतें, मागोमाग कांदळवन उगवतें. मग शेतकरी म्हणतो माझें शेत गेलें. वनखातें म्हणतें येथें आतां संरक्षित झाडें आहेत. आणि तीं झाडें लाटांचा मार सोसून मागचा बांध वांचवितात, हेंहि खोटें नाहीं.

हॉलंडचे लोक तर बांध घालण्यांत जगाचे गुरु. पण १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर (दुसऱ्या खेपेस सुमारें अडीच लक्ष लोकांना घरें सोडावीं लागलीं) त्यांनीं कित्येक ठिकाणीं बांध मागें घेतले आणि नदीला पसरण्यास जागा करून दिली. त्या जागेंत कुरणें व पाणथळी वाढूं दिल्या. जालन्यांत हें जसेंच्या तसें करतां येईल असें मी म्हणत नाहीं. आपल्याकडे गुंठ्या-गुंठ्यावर एक कुटुंब जगतें. पण त्याचें बीज आपल्या नियमांत आहेच. १९८९ पासून महाराष्ट्रांत नद्यांच्या कांठीं दोन रेषा आंखण्याची रीत आहे. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आंत घरें नकोत. दोन रेषांच्या मध्यें बांधलें तर सावधपणें.

निळ्या रेषेच्या आंत नदीलगतची अरुंद पट्टी गवत, चारा आणि झाडें यांना द्यावी, असें माझें मत आहे. पट्टी ज्याची, चारा त्याचा. आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई त्याला विनातक्रार मिळावी, कारण त्याच्या शेतांत शिरणारें पाणी कोणाच्या तरी नळाला येणाऱ्या पाण्याची किंमत असते. दरवाजे बंद करतांना ते एकदम न लावतां टप्प्याटप्प्यानें लावावेत, म्हणजे कांठ ढासळण्याचें प्रमाण कमी होईल. याला पैसा लागत नाहीं. आणि रेषा नुसत्या कचेरींतल्या नकाशावर न राहतां शिवारांत दगड रोवून दाखवाव्यात. २०२५ चें पाणी कोठवर आलें होतें, तें गांवोगांवच्या लोकांना अजून बोट दाखवून सांगतां येतें. तीं बोटें दाखवतील तेथें दगड रोवण्याचें काम येत्या पावसाळ्यापूर्वीं व्हावें.