पानावरील अदृश्य वस्ती

जमिनीची सुपीकता तिच्यातील सूक्ष्मजीवांवर अवलंबून असते, हे आता सर्वपरिचित झाले आहे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी शेतकऱ्यांनी पाहिलेल्याच असतात. परंतु पिकाच्या पानावरही अशीच एक वस्ती नांदत असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. पानाच्या एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सामान्यतः १० लाख ते १ कोटी जिवाणू आढळतात. त्यांच्या जोडीला किण्व आणि बुरशीही असतात. याकोबा रुइनेन या डच विदुषींनी इंडोनेशियातील झाडांच्या पानांवर हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू आढळल्याचे १९५६ मध्ये प्रसिद्ध केले आणि या अभ्यासास चालना मिळाली.

खडतर निवास

पान हे सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने सुखाचे स्थान नव्हे. दुपारचे कडक ऊन, रात्रीचे दव, मेणचट आवरण आणि अत्यल्प अन्न अशा परिस्थितीत त्यांना राहावे लागते. पानातून पाझरणारी थोडीशी साखर हाच त्यांचा मुख्य आहार. पानाच्या पेशी वाढत असताना मिथेनॉल बाहेर पडते. त्यावर गुलाबी रंगाचे काही जिवाणू उपजीविका करतात. त्यांतील अनेक जिवाणू वनस्पतीच्या वाढीस उपयुक्त अशी संप्रेरके तयार करतात. यजमान आणि पाहुणा या दोघांचाही येथे लाभ होतो.

पान स्वस्थ बसत नाही

सर्वच पाहुणे सज्जन नसतात. पानावर श्वसनासाठी असलेली सूक्ष्म पर्णरंध्रे हा रोगजंतूंचा प्रवेशमार्ग ठरतो. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असे दाखवून दिले की, जिवाणूंची चाहूल लागताच वनस्पती ही रंध्रे मिटून घेते. परंतु काही रोगकारक जिवाणू विशिष्ट विष सोडून काही तासांतच ती पुन्हा उघडावयास लावतात.

या झुंजीत निरुपद्रवी रहिवासी वनस्पतीच्या साहाय्यास येतात. झुरिच येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, स्फिंगोमोनास जातीचे जिवाणू आधीपासून पानावर असलेल्या रोपांना रोगाची बाधा बरीच कमी झाल्याचे दिसून आले. अन्न आणि जागा आधीच व्यापलेली असली, की नव्या रोगजंतूस पाय रोवणे कठीण जाते.

डाळिंबाचा धडा

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. सोलापूर, नाशिक आदी जिल्ह्यांतील डाळिंब बागायतदारांना तेलकट डाग, म्हणजेच ‘तेल्या’ रोगाने मोठे नुकसान सोसावे लागले आहे. झॅन्थोमोनास जातीचा जिवाणू पर्णरंध्रांतून किंवा जखमांतून आत शिरतो आणि पाने, फांद्या व फळे यांवर डाग पाडतो. पावसाचे उडणारे थेंब, रोगट रोपे आणि छाटणीची कात्री यांच्याद्वारे तो पसरतो. दमट, पावसाळी हवा त्याला विशेष मानवते.

म्हणूनच रोगमुक्त रोपांची निवड, पावसाळा टाळणारा हस्त बहार, प्रत्येक झाडानंतर कात्रीचे निर्जंतुकीकरण आणि रोगट पाने-फळे वेचून जाळणे या उपायांना महत्त्व आहे. औषधांची फवारणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने, आवश्यक तेव्हा व योग्य प्रमाणातच करावयास हवी. सरसकट फवारणीने पानावरील उपकारक रहिवाशांचीही हानी होऊ शकते. शिवाय तांबेयुक्त औषधे आणि प्रतिजैविके यांना दाद न देणारे रोगजंतू अनेक ठिकाणी निर्माण झाले आहेत.

सामूहिक जबाबदारी

तेल्याचा जिवाणू बांध ओळखत नाही. एका बागेतील रोगट फांद्या तशाच पडून राहिल्या, तर शेजाऱ्याची मेहनत वाया जाते. म्हणून बागांच्या स्वच्छतेचा प्रश्न ग्रामसभेत चर्चिला जाणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेची सोय असलेल्या विद्यालयांत शिक्षकांना एक साधा प्रयोग करून दाखविता येईल. ताजे पान पोषक अगारवर हलके दाबून उचलावे व बशी झाकून ठेवावी. काही दिवसांत तेथे जिवाणूंचे ठिपके उमटतात. झाकण न उघडता ते विद्यार्थ्यांना दाखवावेत. पान म्हणजे केवळ हिरवा पृष्ठभाग नसून एक जिवंत वस्ती आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी उद्याचा शेतकरी क्षणभर विचार करील.