हरलेला डावही मांडून पाहावा

आपल्यापैकी जे आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, त्यांना १९७२ सालचा पावसाळा आठवत असेल. आइसलँडमधील रेक्याविक येथे अमेरिकेचे बॉबी फिशर आणि सोव्हिएत संघाचे बोरिस स्पास्की यांच्यात बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत चालू होती. फिशर यांनी ती साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जिंकली. परंतु आज मला लिहायचे आहे ते त्यांच्या विजयाविषयी नव्हे, तर त्याआधी तीन वर्षे, १९६९ साली, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पुस्तकाविषयी. डॉक्टरने बुद्धिबळाच्या पुस्तकाविषयी लिहावे, याला कारण माझ्या दवाखान्यात आलेले एक काका.

काकांचे वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षे रोज संध्याकाळी ज्या मित्राबरोबर ते पट मांडत, तो मित्र गेला. त्यानंतर काकांचे जेवण कमी झाले, झोप उडाली. सून त्यांना घेऊन आली, ती झोपेची गोळी मागायला. मुलाने मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिले होते. पण तीन-तीन मिनिटांचे ते डाव खेळून रात्री त्यांची छाती धडधडत असे. मी तपासण्या केल्या, औषधांची यादी पाहिली, मनःस्थितीविषयी विचारपूस केली. बोलता बोलता काका म्हणाले, "डॉक्टर, हरण्याचे दुःख नाही हो. पण समोरचा माणूस काय विचार करतो आहे, हे कळत असे. आता ते कळत नाही."

त्यांच्या या वाक्यामुळे मला माझ्या कपाटातले फिशर यांचे पुस्तक आठवले. त्याचे नाव 'माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स'. १९५७ ते १९६७ या काळात ते खेळलेले साठ डाव त्यात आहेत, आणि प्रत्येक महत्त्वाच्या चालीपाशी फिशर यांनी स्वतः लिहिलेली टीप आहे: ही चाल का केली, दुसरी का टाळली, कोठे भीती वाटली, कोठे चूक झाली. मोठे खेळाडू आपल्या संग्रहात बहुधा जिंकलेले डाव घेतात. फिशर यांनी मात्र नऊ बरोबरीचे आणि तीन हरलेले डावही घेतले. त्या तिघांपैकी एक डाव १९६० साली अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे याच स्पास्की यांच्याकडून हरलेला आहे. तेव्हा फिशर सतरा वर्षांचे होते.

अशा पुस्तकातून बुद्धिबळ शिकणे म्हणजे एका थोर खेळाडूशेजारी बसून त्याचे मन वाचणे होय. समोर प्रतिस्पर्धी नसतो, घड्याळ नसते, हारजीत नसते. सोबत मात्र असते. उतारवयात ही सोबतच अधिक मोलाची ठरते.

आठवडाभराने काका पुस्तक परत करायला आले. टीपा इंग्रजीत, अक्षर बारीक; डोळे दुखतात, असे म्हणाले. सून सोबत होतीच. तिला घोडा कसा चालतो हेही ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "बाबा, मी वाचून अर्थ सांगते, तुम्ही सोंगट्या हलवा." तेथून पुढे रोज दुपारी अर्धा तास त्यांचा हा पाठ सुरू झाला.

आपल्यालाही असा पाठ सुरू करायचा असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या पुस्तकाच्या मूळ आवृत्तीत चाली लिहिण्याची जुनी पद्धत आहे. म्हणून अक्षर-अंकांची आजची पद्धत असलेली नवी आवृत्ती घ्यावी. तीत पटावरील आठ उभ्या पट्ट्यांना 'ए' ते 'एच' ही अक्षरे आणि आडव्या ओळींना एक ते आठ हे अंक असतात. 'ई-४' म्हणजे ई पट्टीतील चौथे घर. फिशर पांढऱ्या सोंगट्यांनी खेळताना बहुधा राजापुढचे प्यादे तेथेच सरकवून डाव सुरू करीत. एवढे समजले की अर्धी अडचण दूर होते.

पट खराखुरा, सोंगट्या मोठ्या आणि जड बुडाच्या असाव्यात; हात कापत असेल तरी त्या लवंडत नाहीत. पुढच्या चाली पोस्टकार्डाने झाकाव्यात. आपण फिशर यांच्या जागी असतो तर काय खेळलो असतो, हे दोन मिनिटे मनात ठरवावे, मग कार्ड खाली सरकवावे. आपली चाल वेगळी निघाली तर टीप वाचावी. कंसांतील लांबलचक उपचाली पहिल्या वाचनात खुशाल सोडून द्याव्यात. एक डाव आठवडाभर पुरवला तरी चालेल. उजेड भरपूर असावा, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, आणि निजण्याच्या वेळी पट मांडू नये.

आता वैद्यकाची बाजू. बुद्धिबळाने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी सांगणार नाही; तसे सिद्ध झालेले नाही. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु ज्यांचा मेंदू आधीच थकू लागला होता त्यांनी हे छंद सोडले असतील, ही शक्यताही उरतेच. म्हणून औषध म्हणून नव्हे, आनंद म्हणून खेळावे. रोजचे चालणे, रक्तदाब व मधुमेहावरील नियंत्रण आणि ऐकू कमी येत असल्यास त्यावरचा उपाय यांची जागा कोणताही पट घेऊ शकत नाही.

घरच्यांना मात्र हा पट एक गोष्ट दाखवू शकतो. वर्षानुवर्षे खेळणारी व्यक्ती सोंगट्यांच्या चालीच विसरू लागली, किंवा ओळखीचा रस्ता, पैशांचा हिशेब, नेहमीची कामे यांत वारंवार गोंधळू लागली, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही असे घडते, आणि त्यांवर उपचार आहेत. निदान स्मृतिभ्रंशाचेच झाले, तरी पट काढून घेऊ नये. चुका दाखवू नयेत, परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. सोंगट्या नुसत्या मांडण्यातही त्या व्यक्तीला समाधान वाटत असेल, तर तेवढे पुरे.

काकांकडे परत येतो. स्पास्की यांच्याकडून हरलेला तो डाव मांडून झाला, त्या दुपारी ते बराच वेळ गप्प होते. मग सुनेला म्हणाले, "एवढा मोठा खेळाडू, आणि हरलेला डाव स्वतःच्या पुस्तकात छापतो!" दुसऱ्या दिवशी त्यांनी एक वही मागवली. मित्राबरोबरचा शेवटचा डाव त्यांना अजून आठवत होता. तो काका हरले होते. आठवेल तसा तो त्यांनी मांडला आणि चालींशेजारी मराठीत टीपा लिहिल्या. ती वही त्यांनी मला दाखवली. एका चालीपाशी लिहिले होते : 'याने येथे वजीर मागे का घेतला, ते तेव्हा कळले नाही. आज कळले.'

काकांचे दुःख सरलेले नाही. तशी अपेक्षाही नव्हती. जेवण सुधारले आहे, झोप पुष्कळशी परतली आहे, गोळी द्यावी लागली नाही. त्यात पटाचा वाटा किती आणि सुनेच्या त्या अर्ध्या तासाचा किती, हे मी सांगू शकत नाही. आपल्या घरातही एखादा पट माळ्यावर पडलेला असेल. तो खाली काढा, पुसा, आणि जो माणूस बोलेनासा झाला आहे त्याच्यासमोर मांडा. आपल्याला खेळता येत नसले तरी हरकत नाही. टीपा वाचून दाखवता आल्या तरी पुष्कळ.