हप्ता, मुद्दल आणि संकल्प

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सारेच ऐकत आलो आहोत. ती रूढ करणाऱ्यांना घर बांधून झाल्यावर पुढची वीस वर्षे हप्ते भरण्याचा अनुभव नसावा. नाही तर म्हणीत आणखी एक कलम वाढले असते! आमच्या वडिलांच्या पिढीतील पुष्कळ नोकरदारांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या प्रॉव्हिडंट फंडातून घर बांधले. आयुष्यभर भाड्याच्या घरात राहायचे आणि म्हातारपणी स्वतःच्या ओसरीवर बसायचे, असा तो क्रम होता. आज क्रम उलटा झाला आहे. नोकरी लागून चार-पाच वर्षे होतात न होतात तोच तरुण माणूस कर्ज काढून घर घेतो आणि मग उमेदीची सारी वर्षे ते फेडत राहतो. हे वाईट आहे असे नाही. परंतु जे कर्ज आपल्याला वीस वर्षे सोबत करणार, त्याचा स्वभाव तरी आपण ओळखून असावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

निमित्त घडले ते असे. वाणिज्य शाखेच्या वर्गात घटत्या बाकीवरील व्याजाचे उदाहरण फळ्यावर सोडवीत होतो. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, वीस वर्षांच्या कर्जाची दहा वर्षे संपली म्हणजे निम्मे कर्ज फिटले ना?” मी वर्गाचा कौल घेतला. जवळजवळ सर्वांनी ‘होय’ म्हणून हात वर केले. मधल्या सुट्टीत हाच प्रश्न स्टाफरूममध्ये विचारला; तेथेही उत्तर फारसे वेगळे आले नाही. आणि कबूल करायला संकोच वाटतो, पण हा विषय शिकविणाऱ्या मी स्वतःच्या कर्जाचा खातेउतारा तीन वर्षांत उघडून पाहिला नव्हता!

फळ्यावरचे गणित

समजा, एखाद्याने २० लाख रुपयांचे गृहकर्ज द.सा.द.शे. ९ दराने २० वर्षांच्या मुदतीने घेतले. हिशेबाच्या सोयीसाठी दर शेवटपर्यंत तोच राहील असे धरू. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये बसतो. पहिल्या महिन्याचे व्याज होते १५,००० रुपये. म्हणजे पहिल्या हप्त्यातून मुद्दलात जमा होतात अवघे २,९९५ रुपये! पुढच्या महिन्यात मुद्दल किंचित कमी झालेले असते, म्हणून व्याज किंचित कमी लागते आणि मुद्दलाच्या वाट्याला किंचित जास्त येते. हा पालट इतक्या मंद गतीने होतो की, सात वर्षांत सुमारे १५ लाख ११ हजार रुपये भरूनही मुद्दलातून साडेतीन लाखांहून किंचित कमीच रक्कम वजा झालेली असते. बाकीचे ११ लाख ६३ हजार व्याजात जातात.

दहा वर्षांनी काय स्थिती असते? निम्मी मुदत संपते, पण शिल्लक कर्ज असते सुमारे १४ लाख २० हजार. निम्मे मुद्दल फिटायला तब्बल १४ वर्षे लागतात. आणि उरलेले निम्मे शेवटच्या सहा वर्षांत भराभर फिटते. वीस वर्षांत एकूण भरणा होतो ४३ लाख १९ हजारांच्या आसपास. म्हणजे घर एक, पण त्या पैशात व्याजासह दोन घरांची किंमत मोजल्यासारखे होते.

यात बँकेची लबाडी नाही. जितके मुद्दल शिल्लक तितक्यावर व्याज, हा सरळ हिशेब आहे. सुरुवातीला मुद्दल मोठे, म्हणून व्याजही मोठे. पण याच हिशेबात कर्जदाराच्या फायद्याची एक गोष्ट दडलेली आहे. हप्त्याव्यतिरिक्त भरलेला प्रत्येक जादा रुपया थेट मुद्दलावर जाऊन पडतो, आणि त्या रुपयावर पुढे लागणारे सर्व वर्षांचे व्याज एकदम थांबते. म्हणूनच जादा रक्कम किती भरली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती कधी भरली याला महत्त्व आहे.

वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस कोणी १ लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे २७ हप्ते वाचतात आणि अठ्ठाविसावाही अर्ध्याहून कमीच भरावा लागतो. व्याजाची बचत सुमारे ३ लाख ९६ हजार. तेच १ लाख पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर केवळ आठ-साडेआठ हप्ते वाचतात. बचत सुमारे ५२ हजार. रक्कम तीच, कर्ज तेच, माणूसही तोच. फरक फक्त वेळेचा.

इच्छा आणि संकल्प

आता दुसरा मुद्दा. ‘कर्ज लवकर फेडायचे आहे’ असे प्रत्येकच कर्जदार म्हणतो. विद्यार्थीही म्हणतात, ‘यंदा चांगला अभ्यास करायचा आहे.’ ही वाक्ये खोटी नसतात, पण ती इच्छा आहेत, संकल्प नव्हेत. आपल्याकडे पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना स्थळ, काळ, तिथी, वार आणि कर्त्याचे नाव-गोत्र यांचा उच्चार करतात. कोण, कोठे, केव्हा आणि काय करणार हे आधी स्वतःच्या तोंडाने सांगायचे, मग हातावरून पाणी सोडायचे. ध्येय ठरविण्याची याहून नेमकी रीत मला तरी ठाऊक नाही.

आधुनिक मानसशास्त्रही याच दिशेने बोलते. एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली ध्येय आणि कामगिरी यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. ‘जमेल तेवढे उत्तम करा’ असे सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमके आणि काहीसे अवघड उद्दिष्ट समोर ठेवलेली माणसे अधिक काम करून दाखवितात, हा त्याचा गाभा. पुढे गॅरी लॅथम यांच्यासह त्यांनी हा विचार वाढविला. उद्दिष्ट नेमके हवे, माणसाने ते मनापासून स्वीकारलेले हवे आणि आपण कोठवर आलो हे वेळोवेळी कळत राहायला हवे, या तीन अटी त्यातून पुढे आल्या.

कर्जाला हे लावून पाहू. ‘लवकर फेडीन’ याऐवजी ‘पुढच्या महिन्यापासून हप्त्याबरोबर २,००० रुपये जादा भरीन, आणि दर एप्रिलमध्ये शिल्लक कर्जाचा आकडा वहीत लिहीन’ असे म्हटले, की तो संकल्प होतो. वरच्या कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा २,००० रुपये जादा भरले, तर कर्ज २० वर्षांऐवजी साडेपंधरा वर्षांत फिटते आणि व्याजाचे सुमारे ६ लाख रुपये वाचतात. दरमहा जमत नसेल, तर वर्षाच्या शेवटी एक हप्ता जादा भरावा. तेवढ्यानेही सुमारे साडेतीन वर्षे वाचतात.

पिग्मीची शिकवण

दरमहा २,००० म्हणजे रोजचे साधारण ६७ रुपये. रोजच्या हिशेबात विचार करण्याची ही सवय आपल्या या भागाला नवी नाही. उडुपी येथे १९२५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ साली पिग्मी ठेव योजना सुरू केली. डॉ. टी. एम. ए. पै हे तिचे प्रवर्तक. बँकेचा माणूस रोज दारात किंवा दुकानात यायचा आणि अगदी थोडी रक्कमही घेऊन जायचा. १ एप्रिल २०२० रोजी ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. पण ‘पिग्मी’ हा शब्द मात्र बेळगाव-कोल्हापूरच्या पतसंस्थांत आणि बाजारपेठेत घरचाच होऊन बसला आहे. आपण मराठीत ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणतो, आणि आमचे कन्नड सहकारी ‘हनि हनि कूडिदरे हळ्ळ’ म्हणतात. थेंब दोन्ही भाषांत सारखाच. एकाचे तळे होते, दुसऱ्याचा ओढा वाहतो एवढेच.

पिग्मीची खरी शिकवण रकमेची नसून नियमाची आहे. महिनाअखेर उरेल ते भरू म्हणणाऱ्याजवळ काही उरत नाही. म्हणून पगार जमा झाला की त्याच दिवशी जादा रक्कम बाजूला काढावी. पगारवाढ किंवा महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली, तर ती खर्चात मुरण्याआधी तिचा अर्धा भाग मुद्दलात टाकावा.

आधी काय, मग काय

उत्साहाच्या भरात सारी शिल्लक कर्जात ओतणे मात्र शहाणपणाचे नव्हे. मुद्दलात गेलेला पैसा अडीअडचणीला सहजासहजी परत मिळत नाही. तेव्हा पहिले काम, घरखर्च व हप्ते मिळून निदान सहा महिने भागतील एवढी रक्कम हाताशी ठेवणे. दुसरे, कमावत्या माणसाचा विमा. त्याच्या पश्चात हप्त्याचे ओझे बायकामुलांवर पडता कामा नये. तिसरे, महाग कर्जे आधी फेडणे. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला शेकडा तीन रुपये किंवा त्याहूनही अधिक दराने वाढत असताना ९ टक्क्यांचे गृहकर्ज फेडण्याची घाई करणे म्हणजे छप्पर गळत असताना कुंपण रंगविणे होय.

प्राप्तिकराचाही विचार करावा. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते; नव्या करपद्धतीत अशा घराला ती मिळत नाही. पण ‘कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्या’ हा सल्ला तपासून घ्यावा. तीस टक्के कराच्या टप्प्यातल्या माणसालाही शंभर रुपये व्याज भरून साधारण तीस-एकतीस रुपयेच परत मिळतात, बाकीचे जातातच.

बँकेत गेल्यावर

चार व्यवहारी गोष्टी सांगतो. पहिली, बदलत्या दराचे गृहकर्ज व्यक्तीने मुदतीपूर्वी फेडल्यास बँकांनी दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच सांगितले आहे. दर स्थिर असेल, तर करारातील अट वाचावी. दुसरी, जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे आणि नवा परतफेडीचा तक्ता मागून घ्यावा. हप्ता कमी करून घेतला, तर महिन्याला थोडा हलकेपणा येतो, पण व्याजाची बचत पुष्कळच घटते.

तिसरी गोष्ट दराची. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत वाढविली जाते, आणि हप्ता बदललेला नसल्याने कर्जदाराच्या ते ध्यानातही येत नाही. २० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १५,५०६ रुपये. दर साडेनऊ झाला की पहिल्याच महिन्याचे व्याज १५,८३३! म्हणजे हप्ता पूर्ण भरूनही कर्ज वाढतच जाणार. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढविणे, मुदत वाढविणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे असा पर्याय द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. पर्याय विचारला जाईल, पण उत्तर द्यायला आपण जागे असले पाहिजे.

चौथी गोष्ट कागदांची. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत दिली पाहिजेत. बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद हाती आले की कर्ज फिटल्याचा दाखलाही घ्यावा आणि उताऱ्यावर बोजा चढविलेला असल्यास तो उतरवून घ्यावा. पुष्कळजण हे शेवटचे काम विसरतात आणि मुलांच्या वाटणीच्या वेळी धावपळ करतात.

विद्यार्थी मित्रांना वाटेल, आम्हांला हप्त्यांशी आज काय कर्तव्य? पण सत्राच्या पहिल्या महिन्यात ग्रंथालयात घालविलेला एक तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचा एक तास हे घड्याळात सारखे असले, तरी फळात सारखे नसतात. पहिल्या वर्षाच्या लाखाने सत्तावीस हप्ते वाचतात आणि पंधराव्या वर्षाच्या लाखाने आठ. तेच हे गणित. न समजलेला पहिला धडा पुढच्या प्रत्येक धड्यावर व्याज चढवीत असतो.

त्या दिवशी घरी जाऊन मी खातेउतारा काढला. आकडा पाहून जेवण काही गोड लागले नाही. सौ.ने विचारले, “किती राहिले?” मी सांगितले. ती म्हणाली, “मग आजपासूनच लिहायला घ्या.” स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या मागे तिने पेन्सिलीने शिल्लक रक्कम आणि तारीख लिहिली. त्याखाली आता पाच आकडे आले आहेत, आणि प्रत्येक आकडा वरच्यापेक्षा लहान आहे. मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्याला एवढे कळविले म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण झाले.

— वाणिज्य विभागातील एक प्राध्यापक