पवईत घर घेताना तलावापलीकडेही पाहा

प्रतिनिधी, मुंबई

पवईत घर दाखविणारा दलाल गिऱ्हाइकाला आधी स्वयंपाकघरात नेत नाही. तो थेट दिवाणखान्याच्या गॅलरीचा पडदा बाजूला सारतो. समोर तलाव, पलीकडे झाडी, मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मुंबईत हे दृश्य दुर्मीळच. त्यामुळे ‘लेक व्ह्यू’ सदनिकेचा भाव त्याच इमारतीतील मागच्या बाजूच्या सदनिकेपेक्षा अधिक सांगितला जातो. मात्र खरेदीखतात चटईक्षेत्र असते, पार्किंग असते. तलावाचे दृश्य मात्र कोठेही नोंदलेले नसते. उद्या समोरच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होऊन तेथे उंच इमारत उभी राहिली, तर त्या जादा पैशांचा जाब कोणाला विचारणार?

हा तलाव नैसर्गिक नाही. ब्रिटिश राजवटीत, १८९०च्या सुमारास, मुंबईची पाण्याची गरज भागविण्यासाठी तो बांधण्यात आला. त्याची साठवण क्षमता सुमारे ५४५ कोटी लिटर आहे. मात्र हे पाणी पिण्यायोग्य नाही, ते औद्योगिक वापरासाठी आणि आरे दुग्ध वसाहतीसाठी दिले जाते. तलावाकाठच्या उंची घरांतील नळाला येणारे पाणी दूरच्या ठाणे व नाशिक जिल्ह्यांतील धरणांमधून आलेले असते. सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी हे तलावाचे जुने दुखणे आहे. (मगरीही आहेत, पण त्यांचा रहिवाशांना उपद्रव होत असल्याचे ऐकिवात नाही.) महापालिकेने तलावाभोवती हाती घेतलेला सायकल व जॉगिंग ट्रॅक पाणथळ जागेच्या नियमांविरुद्ध असल्याचे सांगून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरविला व बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. ‘लवकरच तलावाकाठी अमुक होणार’ अशा आश्वासनावर भाव वाढवून देणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

तलावापेक्षाही महत्त्वाचा आहे तो जमिनीचा इतिहास. हिरानंदानी गार्डन्सची वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे, त्यासाठी १९८६ मध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला होता. नाममात्र भाडेपट्ट्याच्या बदल्यात तेथे ४० व ८० चौरस मीटरची, मध्यमवर्गाला परवडणारी घरे बांधली जावीत, असा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात वास्तुविशारद हफीझ काँट्रॅक्टर यांच्या शैलीतील कमानी आणि खांबांच्या आलिशान इमारती उभ्या राहिल्या. लहान सदनिका एकत्र करून मोठी घरे विकली गेली, असा आक्षेप घेत प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने, परवडणारी घरे आधी बांधा, असे बजावले.

जुनी सदनिका घेणाऱ्याला याचा संबंध काय? संबंध आहे. दोन सदनिका जोडून केलेले घर विकत घेताना मंजूर नकाशा पाहावा. नकाशात दोन घरे आणि प्रत्यक्षात एक, असे असल्यास मधली भिंत कोणाच्या परवानगीने पाडली, हे विक्रेत्याला विचारावे. अशा घराचे बहुधा दोन करारनामे, दोन भाग प्रमाणपत्रे आणि मालमत्ता कराची दोन देयके असतात. त्यातील एकही कागद हरवला असेल तर सौदा तेथेच थांबवावा. बँकेचा वकील नंतर थांबवतोच. जोडीला भोगवटा प्रमाणपत्र व जमिनीचा भाडेपट्टा पाहावा आणि सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण झाले आहे का, तेही विचारावे.

पैशाचे गणितही येथे वेगळे पडते. समजा, घर तीन कोटींचे आहे. ७५ लाखांहून अधिक कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. म्हणजे ७५ लाख रुपये पदरचे हवेत. शिवाय ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १८ लाख, आणि नोंदणीचे ३० हजार. मुद्रांक शुल्काचा खर्च किमतीत धरून त्यावर कर्ज मागता येत नाही. करारातील रक्कम आणि शीघ्र सिद्धगणकाचा दर यांपैकी जी अधिक, तिच्यावर शुल्क लागते. खरेदीदार केवळ महिला असल्यास एक टक्का सवलत आहे. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरासाठी विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते.

राहण्याचे सुख निर्विवाद आहे. रुंद रस्ते, झाडे, दुकाने पायी अंतरावर आणि शेजारी आयआयटीचा विस्तीर्ण परिसर. पण पवईला स्वतःचे उपनगरी रेल्वे स्थानक नाही. कांजूरमार्ग वा विक्रोळी गाठायला रिक्षा किंवा बस, आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर सकाळची कोंडी. दलाल घर दाखवितो ते बहुधा रविवारी दुपारी. त्याला सोमवारी सकाळी नऊची वेळ मागावी आणि तेथून आपल्या कार्यालयापर्यंत जाऊन पाहावे. एक फेरी मे महिन्याच्या अखेरीस, पाणी खाली गेलेले असताना मारावी. गॅलरीची खिडकी तेव्हा उघडी ठेवता येते का, ते नाकाला लगेच कळेल.