पुडीतील धातू : कोणता आणि कोणत्या रूपात?
बिनालेबलची पुडी पुढे करून डोंबिवलीतील ज्येष्ठ मला विचारतात, ‘डॉक्टर, यात धातू आहे का?’ खरे तर धातूचे रूपही पाहावे लागते. मासळीतील सेंद्रिय आर्सेनिक बहुतांशी निरुपद्रवी असते. असेंद्रिय आर्सेनिक विषारी.

असा भेद सूक्ष्म कणातही कळावा, यासाठी इंदूरच्या ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांची खास वाट रचली आहे. स्फटिक हवी ती ऊर्जा निवडतात. काटकोनात मांडलेले दोन आरसे किरण काही मायक्रॉनवर एकवटतात. कणातून उमटणारे किरण मूलद्रव्य सांगतात. ऊर्जा बदलत नेली की त्याचे रूप उलगडते.

ही सोय संशोधनासाठी आहे. आपण पुडीसह डॉक्टरांना भेटा. लघवीतील आर्सेनिक तपासायचे ठरल्यास आधी काही दिवस मासळी टाळा. अन्यथा निष्कर्ष फसवा ठरू शकतो.