जकार्तातली चंद्रभागा

चंद्रभागा म्हटलं की आपल्याला पंढरपूर आठवतं. पण मित्रांनो, दीड हजार वर्षांपूर्वी आणखी एक चंद्रभागा होती आणि ती थेट समुद्राला मिळत होती. कुठे? आजच्या इंडोनेशियात, जकार्ताच्या परिसरात! जावा बेटाच्या पश्चिम भागात तेव्हा तारुमानगर नावाचं राज्य होतं आणि पूर्णवर्मन हा तिथला राजा. उत्तर जकार्तातल्या तुगू इथे त्याचा शिलालेख सापडला. भाषा संस्कृत, लिपी पल्लव वळणाची. त्यावर सन नाही, पण अक्षरांवरून तो पाचव्या शतकातला मानतात.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे संस्कृतशी छत्तीसचा आकडा. तरी सिव्हिलवाल्यांना हा लेख आवडेलच, कारण तो चक्क कालव्याचा कंप्लिशन रिपोर्ट आहे. चंद्रभागा आधीच्या राजाने खणलेली. पूर्णवर्मनने कारकिर्दीच्या २२ व्या वर्षी गोमती खणली. लांबी ६१२२ धनुष्य. काम सुरू फाल्गुन वद्य अष्टमीला, पूर्ण चैत्र शुद्ध त्रयोदशीला. एकूण दिवस २१. शेवटी ब्राह्मणांना हजार गाईंची दक्षिणा.

तिथ्या बोटांवर मोजून बघा. अष्टमी ते अमावास्या ८, पुढे चैत्राच्या १३, झाले २१. म्हणजे महिना अमावास्येला संपतो, अगदी आपल्या कालनिर्णयसारखा!

आता थोडं गणित. धनुष्य म्हणजे चार हात, साधारण १.८ मीटर. कालवा झाला ११ किलोमीटर, म्हणजे रोज सव्वापाचशे मीटर. रुंदी-खोली लेखात दिलेली नाही. समजा १० मीटर रुंद, २ मीटर खोल. मग रोज साडेदहा हजार घनमीटर माती. एक माणूस दिवसाला दोन घनमीटर खणेल असं धरलं तर पाच हजारांवर मजूर हवेत. जुना ओढा वापरला असेल तर कमी. पण एवढी माणसं गोळा करायची, त्यांना जेवू घालायचं, लेव्हल काढायची, हे काम ऐऱ्यागैऱ्या राज्याचं नव्हे.

मग हे राज्य कोणाचं? हॉस्टेलवर हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "तिथे आपलंच राज्य होतं यार!" पूर्वी काही इतिहासकारही या राज्यांना भारतीय वसाहती म्हणत. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण बोर्निओत आहे. तिथल्या कुताई भागात इ. स. ४०० च्या सुमाराचे सात यूप, म्हणजे यज्ञाचे दगडी खांब, सापडले. त्यांवर राजा मूलवर्मनची वंशावळ आहे. मुलगा मूलवर्मन, बाप अश्ववर्मन आणि आजोबा कुंडुंग! आजोबांचं नाव अस्सल स्थानिक. म्हणजे घराणं तिथलंच, संस्कृत नावं नंतर घेतलेली. ब्राह्मण बाहेरून आले, असं लेखच सांगतात. पण त्यांना बोलावणारा आणि दान देणारा राजा तिथला होता.

बौद्ध धर्माचंही तसंच. तारुमानगरच्याच प्रदेशात बातुजाया इथे विटांची बौद्ध मंदिरं सापडली आहेत. पुढे ६७१ साली यीजिंग हा चिनी भिक्षू भारतात येताना सुमात्रात सहा महिने थांबला, कशासाठी? तर संस्कृत व्याकरण शिकायला. म्हणजे सुमात्रा तेव्हा नुसता विद्यार्थी नव्हता, मास्तरही झाला होता.

पाण्याचा प्रश्न मात्र अजून तोच आहे. २००७ आणि २०२० मध्ये जकार्ता पुरात बुडाली. शहर खचतंय, हेही एक कारण देऊन इंडोनेशियाने २०२२ मध्ये नवी राजधानी बोर्निओत वसवायचा कायदा केला. तिचा काही भाग त्याच कुताई जिल्ह्यात येतो!

चंद्रभागा आणि गोमती ही नावं इथून गेली, याचा अभिमान जरूर वाटू दे. पण २१ दिवस चिखलात उभं राहून ज्यांनी माती उपसली, ते हात तिथले होते. शिलालेखात गाईंचा आकडा आहे, त्यांचा नाही. निदान आपण तरी त्यांचं श्रेय आपल्या नावावर लावू नये.