हौशी छायाचित्रकाराची पहिली कामगिरी

छायाचित्रणाच्या क्षेत्रात हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधील सीमारेषा आपल्याकडे आरंभापासूनच पुसट राहिली आहे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या मंडळींत पोटापाण्याचा उद्योग वेगळा असलेले पुष्कळ जण होते, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी सांभाळून कॅमेराही चालवीत. पुढे ‘राजा’ या किताबाने प्रसिद्धीस आलेले लाला दीनदयाळ हे मूळचे इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके तयार करणारे नोकर. हौस म्हणून हाती घेतलेल्या विद्येने त्यांना अखेरीस नोकरी सोडावयास लावले आणि हैदराबादच्या निजामाच्या पदरी नेऊन बसविले. तेव्हा आज एखाद्या शिक्षिकेची मोबाइलवरील चित्रे पाहून कोणी दुकानदार तिला “ताई, आमच्या मालाचे फोटो काढून द्या, काय होतील ते पैसे देऊ” असे म्हणाला, तर परंपरेच्या दृष्टीने त्यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. मात्र “काय होतील ते” या तीन शब्दांत किती गोष्टी अध्याहृत आहेत, याचा उलगडा होकार देण्यापूर्वी झालेला बरा.

येवल्याच्या एखाद्या विणकराचे उदाहरण घेऊ. घरी माग आहे, चार कारागीर हाताखाली आहेत आणि परगावची गिऱ्हाइके आता पैठणी प्रत्यक्ष न पाहता, फोनवर आलेल्या चित्रावरून पसंत करू लागली आहेत. त्याला वीस पैठण्यांची चित्रे हवी आहेत. हे काम मोबाइलने होण्यासारखे आहे काय, असा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर, काही अटींवर, होकारार्थी आहे.

2000 सालच्या नोव्हेंबरात जपानमध्ये शार्प कंपनीचा जो कॅमेरायुक्त फोन विक्रीस आला, त्याचे चित्र जेमतेम एक लाख दहा हजार बिंदूंचे होते. आजचा मध्यम किमतीचा फोनही पन्नास मेगापिक्सेलची भाषा बोलतो. परंतु बहुधा शेजारशेजारचे चार बिंदू एकत्र करून तो आपल्या हाती सुमारे बारा मेगापिक्सेलचे, म्हणजे चार हजार गुणिले तीन हजार बिंदूंचे चित्र ठेवतो. फोनच्या पडद्यासाठी ते गरजेहून अधिक आहे आणि एका इंचास तीनशे बिंदू या छपाईच्या प्रमाणाने ते तेरा इंच लांबीपर्यंत उत्तम छापता येते. उणीव आहे ती प्रकाशग्राहक पृष्ठाच्या आकारात. मोठ्या कॅमेऱ्यातील सेन्सर 36 गुणिले 24 मिलिमीटरचा असतो. चांगल्या फोनमधील सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास भरते. ही तूट फोन गणिताने भरून काढतो: एका स्पर्शासरशी अनेक चित्रे टिपून ती एकमेकांत मिसळतो, काळोखे भाग उजळतो, झगमगते भाग दाबतो, आणि कित्येक फोन पाहणाऱ्याचे डोळे सुखावावेत म्हणून रंगही थोडे चढवितात.

हौसेपुरते काढलेल्या चित्रात ही चढविलेली शोभा खपून जाते, किंबहुना तिच्यामुळेच चारचौघांत वाहवा मिळते. मोबदला घेऊन काढलेल्या चित्रात मात्र तीच अंगलट येते. कारण राणी रंगाची म्हणून मागविलेली पैठणी खोका उघडल्यावर निराळ्याच छटेची निघाली, तर गिऱ्हाईक माल परत पाठविणार आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड विणकरावर बसणार. चित्र सुंदर असणे हा गुण येथे दुय्यम ठरतो. ते विश्वासास पात्र असणे प्रथम. हौशी मनुष्याने पहिली कामगिरी पत्करताना मनाची जी तयारी करावयाची, ती ही की, यापुढे आपल्या चित्राचा न्याय आपली आवड करणार नाही, आपण कधी न पाहिलेली आणि वस्तू हाती घेऊन चित्राशी ताडून पाहणारी बाई करणार आहे.

या दृष्टीने पहिला बंदोबस्त प्रकाशाचा करावयाचा. दुकानात दारातून येणारा दिवसाचा निळसर उजेड, वरच्या ट्यूबचा पांढरा आणि शोभेच्या दिव्यांचा पिवळा, असे तीन उजेड एकत्र आले की कोणताही फोन गोंधळतो आणि एकाच पैठणीचे दोन काठ दोन रंगांचे दाखवितो. म्हणून सारे दिवे मालवून, थेट ऊन नसलेल्या पडवीत किंवा मोठ्या खिडकीशेजारी काम मांडावे. दिव्यांवाचून गत्यंतरच नसेल, तर आपल्याकडील पन्नास हर्ट्झच्या विजेवर कित्येक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात हे ध्यानात ठेवून, फोनच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावा. म्हणजे चित्रात आडवे पट्टे उमटत नाहीत. पहिल्या चित्रात पैठणीवर एक कोरा पांढरा कागद ठेवावा, त्यावरून रंगाचा तोल ठरवावा आणि तो तसाच कायम करून पुढील सारी चित्रे घ्यावीत. पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये प्रकाश आणि फोकस जागच्या जागी स्थिर होतात; ही साधी युक्ती न वापरल्यास जरीचा पदर समोर येताच फोन सारे चित्र काळवंडवितो आणि गडद अंग समोर आले की जर पांढरीफटक करून टाकतो.

भिंगाचीही निवड असते. फोनचे मुख्य भिंग विस्तृत कोनाचे असल्याने, पैठणी नेसून उभ्या असलेल्या मुलीच्या फार जवळ जाऊन चित्र घेतले, तर तिचे नाक मोठे आणि कडेला आलेला हात लांबट दिसतो. दोन पावले मागे सरून दुप्पट क्षमतेचे भिंग वापरावे. पदर जमिनीवर पसरून वरून चित्र घ्यावयाचे असल्यास फोन जमिनीशी समांतर हवा, नाहीतर सरळ विणलेले काठ वर जाता जाता एकमेकांकडे झुकू लागतात. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव पैठणी कोन बदलताच रंग बदलते. तिची दोन दिशांनी दोन चित्रे दिल्याखेरीज ती खरी दाखविली असे होत नाही.

परंतु अशा कामाचे मर्म पुष्कळदा कारागिराच्या तोंडूनच कळते. मोर, मुनिया, असावली अशी पदरावरील नक्षी निरनिराळ्या प्रकाशात टिपण्यात ताई रंगून गेल्या असता विणकर सहज म्हणतो, “ताई, पदर उलटा करून बी एक फोटो घ्या, जाणतं गिऱ्हाईक पहिलं तेच मागतं.” हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, त्यामुळे तिची मागील बाजू जवळजवळ पुढीलसारखीच नीटस दिसते, यंत्रावर काढलेल्या नकलेच्या पाठीमागे मोकळे धागे लोंबत राहतात, किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा दिसतात. नवख्या चित्रकाराला बिनमहत्त्वाची वाटणारी ती मागची बाजू म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी अस्सलपणाचा दाखला होय. म्हणून काम स्वीकारताना विचारावयाचा सर्वांत उपयुक्त प्रश्न असा की, या चित्रावरून कोण काय ठरविणार आहे?

आता व्यवहाराचा भाग. ओळखीच्या माणसाकडून पैसे मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो आणि त्या संकोचातच पुढील तंट्याचे बीज असते. वीस पैठण्या, प्रत्येकीची पाच चित्रे, म्हणजे शंभर चित्रे झाली. प्रत्येकाच्या रंगदुरुस्तीस तीन मिनिटे धरली तरी केवळ तेवढ्याला पाच तास लागतात. मांडामांड, घड्या मोडणे, प्रवास आणि ‘हे एक पुन्हा घ्या’ यांचा हिशेब निराळा. मेहनताना ठरविताना हा सारा वेळ जमेस धरावा. किती चित्रे, कोणत्या मुदतीत, किती वेळा दुरुस्ती, विसार किती आणि उरलेली रक्कम केव्हा, एवढ्या पाच कलमांचा मजकूर फोनवरच्या संदेशात का होईना, लेखी असावा आणि त्यावर समोरच्याचा ‘कबूल’ असा जबाब घेऊन ठेवावा.

मालकीचा प्रश्न तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या 17 व्या कलमान्वये, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, ते काढावयास सांगणारा असतो. हौसेने काढलेले चित्र आपले; मेहनताना घेऊन काढलेले चित्र विणकराचे. तीच चित्रे आपल्या कामाचा नमुना म्हणून इतरांना दाखवावयाची असतील, तर तशी परवानगी वरील मजकुरात सहावे कलम म्हणून घालून घ्यावी. पैठणी नेसून उभी राहणारी मुलगी घरचीच असली, तरी ही चित्रे विक्रीसाठी सर्वत्र फिरणार आहेत हे तिला सांगून तिची संमती घेणे अगत्याचे आहे. काम पोचते करतानाही दक्षता हवी: व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकुंचन पावून बारीक नक्षी पुसट होते, तेच डॉक्युमेंट म्हणून पाठविले की मूळ रूपात पोचते.

पहिले काम कोणते घ्यावे, याविषयी एक मत नि:संकोचपणे मांडावेसे वाटते. लग्नाचे काम आरंभी पत्करू नये, मग ते सख्ख्या मावशीकडचे का असेना. अंतरपाट दूर होतो ती घटका एकदाच येते; अपुऱ्या उजेडात, गर्दीच्या रेट्यात आणि फोनची साठवण भरल्याचा इशारा झळकत असताना ती हुकली, तर कितीही पैसे परत केले तरी भरपाई होत नाही. पैठणीचे तसे नाही. चित्र बिघडले तर ती उद्याही त्याच घडीवर, त्याच कपाटात असते आणि विणकरही त्याच ओट्यावर भेटतो. ज्या कामात चूक दुरुस्त करण्यास सवड आहे, तेथे हात बसवून घ्यावा, एखाद्या विणकराने आपण होऊन दुसऱ्यांदा बोलावण्याची वाट पाहावी आणि त्या दुसऱ्या बोलावण्यानंतरच, मोठा कॅमेरा घ्यावा की नाही, याचा विचार करावा.